नोकरी न सोडता लेखनाची पदवी

एमबीए करताना मी फी आणि पुढचा पगार यांचं गणित मांडलं होतं. सर्जनशील लेखनाच्या पदव्युत्तर पदवीला ते लागू पडत नाही. तिथे पैसे मोजायचे ते ठरलेल्या मुदतींसाठी आणि आपलं लिखाण बारकाईनं वाचणाऱ्यांसाठी.

अमेरिकेत आयोवा विद्यापीठानं १९३६ मध्ये ही वाट पाडली. दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवालाच गेले, पण लेखकांच्या निवासी कार्यक्रमाला. त्यात पदवी नसते.

यूएईत आपल्यापैकी बहुतेकांचा व्हिसा नोकरीशी बांधलेला, आणि घरच्यांचा आपल्याशी. म्हणून ‘लो-रेसिडेन्सी’ एमएफए पाहा: साधारण दोन वर्षं, वर्षातून दोनदा सुमारे दहा दिवस विद्यापीठात, बाकी काम घरून. आपल्या ३० दिवसांच्या वार्षिक रजेत ते बसतं. पदवी इथे नोकरीसाठी दाखवायची असेल, तर तिला मान्यता मिळेल का, हे फी भरण्याआधीच विचारून घ्या.

हे अभ्यासक्रम इंग्रजीत असतात. मराठीत लिहायचं असेल, तर पाच जण जमवा आणि दर शनिवारी एकाची कथा वाचा. पदवी मिळणार नाही. पण मुदत आणि वाचक, दोन्ही मिळतील.