विलेपित पात्रांतील वायू-ऑक्सिडीकरणाची गतिकी

काचेच्या किंवा क्वॉर्ट्‌झच्या पात्राच्या आतील पृष्ठभागावर लवण, अम्ल वा ऑक्साइड यांचा पातळ लेप देऊन त्यात वायूंच्या ऑक्सिडीकरण विक्रियांचे वेग मोजणे, ही रासायनिक गतिकीतील एक महत्त्वाची पद्धत आहे. या विक्रिया वायूत घडत असल्या, तरी त्यांचा वेग पुष्कळदा पात्राच्या भित्तीवर अवलंबून असतो. एकच मिश्रण एकाच तापमानास व दाबास एका पात्रात सावकाश संयोग पावते, तर दुसऱ्यात त्याचा स्फोट होऊ शकतो.

याचे कारण विक्रियेच्या शृंखला स्वरूपात आहे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या संयोगात हायड्रोजनाचा अणू ऑक्सिजन रेणूवर आदळून हायड्रॉक्सिल मूलक व ऑक्सिजन अणू निर्माण होतात. म्हणजे एका क्रियाशील कणापासून दोन कण होतात व शृंखलेला शाखा फुटते. शाखा फुटण्याचा वेग कण नष्ट होण्याच्या वेगापेक्षा जास्त झाला की, स्फोट होतो. शाखीय शृंखलांची ही उपपत्ती न. न. सिम्यॉनफ व सी. एन. हिन्शेलवुड यांनी विकसित केली. रासायनिक विक्रियांच्या यंत्रणेसंबंधीच्या संशोधनाबद्दल त्यांना १९५६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्फोट मर्यादा : पोटॅशियम क्लोराइडाचा लेप दिलेल्या ७·४ सेंमी. व्यासाच्या गोल पात्रात २ : १ प्रमाणातील हायड्रोजन-ऑक्सिजन मिश्रण ५००° से. तापमानास सु. १·५ ते ५० मिमी. पारा या दाबांच्या दरम्यान स्फोट पावते. पहिल्या मर्यादेखाली क्रियाशील कण विसरणाने भित्तीपर्यंत पोहोचून नष्ट होतात. म्हणून ही मर्यादा पात्राच्या आकारमानावर व पृष्ठभागावर अवलंबून असते. दुसऱ्या मर्यादेवर हायड्रोजन अणू, ऑक्सिजन रेणू व एखादा तिसरा रेणू यांची एकत्र टक्कर होऊन मंद क्रियाशीलतेचा हायड्रोपरॉक्सिल मूलक बनतो व तो भित्तीवर नष्ट होतो. या पात्रात ही मर्यादा आकारमानावर फारशी अवलंबून नसते. त्यामुळे निरनिराळे वायू मिसळून तिसरा रेणू म्हणून त्यांची कार्यक्षमता मोजता येते. पाण्याची वाफ आर्‌गॉनाहून पुष्कळच अधिक प्रभावी असते. दाब आणखी वाढविल्यास हा मूलक भित्तीवर पोहोचण्यापूर्वीच हायड्रोजनाशी विक्रिया करतो, उष्णताही साचते आणि तिसरी मर्यादा येते.

लेपांचे कार्य : पोटॅशियम क्लोराइडाचा पृष्ठभाग हायड्रोपरॉक्सिल मूलक व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा सहज नाश करतो, बोरिक अम्लाचा जुना झालेला लेप तो फारच थोडा करतो. म्हणून दुसऱ्या मर्यादेच्या वरील मंद विक्रिया बोरिक अम्लाच्या पात्रात कितीतरी जलद चालते. लेप देण्यासाठी पात्र विद्रावाने विसळून वाळवितात व मापने एकसारखी येईपर्यंत त्यात विक्रिया वारंवार घडवून आणतात. हायड्रोकार्बनांच्या ऑक्सिडीकरणात शिसे ऑक्साइडाचा लेप वेग कमी करतो.

भित्तीचा वाटा असा वेगळा काढल्याखेरीज पात्रात मोजलेला वेग वायूचा गुणधर्म मानता येत नाही. एंजिनातील ज्वलन किंवा हायड्रोजनाच्या साठ्यातील स्फोटाचा धोका यांविषयीच्या गणितांत लहान पात्रातील आकडे तसेच वापरल्यास अनुमान चुकते. कारण मोठ्या आकारमानात भित्तीचा संयमक परिणाम क्षीण होतो.