डोंगल म्हणजे तुमची सही, उसनी देऊ नका!

पूर्वी ग्रामपंचायतीच्या चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागत. आता वित्त आयोगाचा निधी ई-ग्रामस्वराज प्रणालीतून खर्च करताना दोघांची डोंगल लागतात. हे डोंगल दिसायला पेनड्राइव्हसारखे, पण आत स्मार्ट कार्डाची चिप असते. सहीची गुप्त किल्ली त्या चिपमध्येच राहते, तिची नक्कल निघत नाही. नुसते डोंगल चोरून भागत नाही, पिनही लागतो. पिन ठरावीक वेळा चुकला की डोंगल लॉक होते.

पण काही गावांत दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या खणात आणि पिन वहीत लिहिलेला! कुठे सरपंचताईंचे डोंगल पतीच्या खिशात. मग दोन कुलपांची तिजोरी एकाच्याच हाती गेली की! खोट्या बिलाचे पैसे गेले, तर जाब सहीच्या धन्यालाच विचारला जाणार. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार ही सही कागदावरच्या सहीइतकीच ग्राह्य आहे.

तेव्हा डोंगल आपल्या कुलपात ठेवावे. बिल वाचावे, मगच पिन स्वतः टाकावा. डोंगल हरवल्यास पंचायत समितीला त्याच दिवशी लेखी कळवून प्रमाणपत्र रद्द करून घ्यावे. आणि गावकऱ्यांनो, पुढच्या ग्रामसभेत एवढे विचाराच : डोंगल कोणाकडे असते?