माजाचा लगाम कुणाच्या हाती?

लाल कंधारी ही नांदेड-परभणी-लातूर पट्ट्यातली गाय. फळली नाही, तर साधारण २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकं सोडून अंडाशय चालवते. पण तिला आवरतात आणि चेतवतात ती अंडाशयाचीच संप्रेरकं.

■ प्रोजेस्टेरॉन : बीज सुटल्यावर तयार होणाऱ्या पीतपिंडातून स्रवतं. एलएच दाबून ठेवतं, म्हणून गाभण गाय माजावर येत नाही.

■ इस्ट्रोजेन : एरवी पीयूषिकेला आवरतं. मात्र प्रोजेस्टेरॉन उतरलं आणि पक्व पुटकातून (बीज वाढवणाऱ्या पिशवीतून) इस्ट्रोजेन वाढलं, की तेच एलएचचा लोंढा आणतं. गाय हंबरते, काचेसारखा चिकट स्राव टाकते. लोंढ्यानंतर २४ ते ३० तासांत बीज सुटतं. म्हणूनच सकाळी माज दिसला तर रेतन संध्याकाळी.

■ इनहिबिन : वाढत्या पुटकातून येतं आणि एफएसएच कमी करतं. बाकीची पुटकं मागे पडतात. बहुधा एकच वासरू होतं.

■ खच्ची बैल : टेस्टोस्टेरॉन आटतं, पीयूषिकेवरचा आवर सुटतो. रक्तात एलएच, एफएसएच वाढतं, पण हुकूम पाळायला कार्यक्षम वृषणच उरलेलं नसतं.

■ गोठ्यात उपयोग : प्रोजेस्टेरॉनचं साधन योनिमार्गात साधारण आठवडाभर ठेवून काढलं, की बहुतेक गाई २-३ दिवसांत माजावर येतात. मात्र सोबत दिलं जाणारं, पीतपिंड विरघळवणारं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन गाभण गाईला दिल्यास गाभ पडू शकतो. आधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या.