वन्यजीव संवर्धन कार्यकर्त्यांसाठी अनुदान-प्रस्ताव लेखनाचे प्रशिक्षण : स्वरूप आणि महाविद्यालयांची भूमिका

बीजसंज्ञा : वन्यजीव संवर्धन, अनुदान-प्रस्ताव, प्रशिक्षण, बालाघाट, महाविद्यालय

प्रस्तावना :

धाराशिव जिल्ह्यातील वाशी तालुक्यातले तेरखेडा हे गाव फटाका उद्योगासाठी परिचित आहे. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्गावरील या गावाच्या दक्षिणेकडे, बालाघाटाच्या रांगेत येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे २२ चौ. कि.मी. इतकेच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यात स्वयंचलित कॅमेऱ्याने वाघाचे छायाचित्र टिपले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून शेकडो किलोमीटरचे अंतर कापून हा वाघ आला होता. वाटेतील शेते, माळराने, ओढे आणि छोटी वने हीदेखील वन्यजीवांच्या अधिवासाचा भाग असतात, हे या घटनेने सिद्ध केले.

या भूभागाची खरी ओळख वनरक्षक, सर्पमित्र, मेंढपाळ, पक्षिनिरीक्षक आणि ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापक यांना असते. परंतु या ज्ञानाचे रूपांतर निधी मिळवू शकणाऱ्या प्रस्तावात होत नाही, तोपर्यंत ते बहुधा व्यक्तीपुरतेच मर्यादित राहते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात अनुदान-प्रस्ताव लेखनाच्या प्रशिक्षणाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

प्रस्ताव म्हणजे काय?

अनुदान-प्रस्ताव हा मदतीचा विनंतीअर्ज नसतो. एक विशिष्ट प्रश्न, त्याचे कारण, त्यावरील उपाय, लागणारा वेळ आणि खर्च यांची तर्कशुद्ध मांडणी म्हणजे प्रस्ताव होय. उत्तम इंग्रजी येणे म्हणजे उत्तम प्रस्ताव लिहिता येणे, हा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात भाषेच्या आधी विचारांची जुळणी आवश्यक असते. म्हणूनच संवर्धन क्षेत्रातील प्रशिक्षणांत लेखनाआधी प्रकल्प-नियोजन शिकवले जाते. ‘कॉन्झर्व्हेशन लीडरशिप प्रोग्राम’ हा उपक्रम तरुण कार्यकर्त्यांना निधीसोबत नियोजनाचे प्रशिक्षणही देतो. ब्रिटनमधील ‘वाइल्डटीम’ ही संस्था वन्यजीव संवर्धनासाठीच्या अनुदान-लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम चालवते.

प्रशिक्षणाचे प्रमुख घटक :

तेरखेड्याजवळून जाणाऱ्या महामार्गावर वाहनांच्या धडकेने मरणाऱ्या वन्यप्राण्यांचा अभ्यास, असे एक कल्पित उदाहरण घेऊन हे घटक समजून घेता येतील.

१) समस्येची मांडणी : ‘महामार्गामुळे वन्यजीव धोक्यात आले आहेत’ हे विधान खरे असले तरी प्रस्तावासाठी पुरेसे नाही. कोणते प्राणी, कोणत्या पट्ट्यात, कोणत्या ऋतूत व कोणत्या वेळी मरतात, यांपैकी काय ज्ञात आहे आणि काय शोधायचे आहे, हे सांगावे लागते.

२) कृती आणि परिणाम यांतील भेद : ‘पाच कार्यशाळा घेणे’ ही कृती आहे. ‘धोक्याची ठिकाणे नकाशावर निश्चित करून तो नकाशा वनविभाग व महामार्ग प्राधिकरणाला सादर करणे’ हे फलित आहे. ‘त्या ठिकाणी प्राण्यांचे मृत्यू कमी होणे’ हा परिणाम आहे. एका वर्षाच्या प्रकल्पाने फलितापर्यंतचेच आश्वासन द्यावे. परिणामाचे आश्वासन देणारा प्रस्ताव परीक्षकाच्या मनात शंका निर्माण करतो.

३) अंदाजपत्रक : प्रत्येक रक्कम एखाद्या कृतीतून निघाली पाहिजे. २० कि.मी.च्या पट्ट्यावर आठवड्यातून दोन फेऱ्या ठरवल्यास वर्षाला १०४ फेऱ्या होतात. जाऊन-येऊन ४० कि.मी. धरल्यास एकूण अंतर ४,१६० कि.मी. भरते. दुचाकी लिटरमागे ४० कि.मी. चालत असेल तर १०४ लिटर पेट्रोल लागेल. ‘प्रवास खर्च : एकरकमी’ या नोंदीपेक्षा हा हिशोब अधिक विश्वासार्ह ठरतो. स्थानिक साहाय्यकाचे मानधन आणि सुरक्षा-साहित्य यांची तरतूदही अशीच करावी.

४) परवानग्या : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात शास्त्रीय संशोधनासाठी प्रवेश करण्यास परवानगी घ्यावी लागते. त्यासाठी लागणारा कालावधी वेळापत्रकात धरला नाही, तर पावसाळ्यातील नोंदी हुकतात आणि वर्षभराची योजना कोलमडते.

निधीचे स्रोत व कायदेशीर चौकट :

छोट्या प्रकल्पांसाठी ‘रफर्ड फाउंडेशन’ टप्प्याटप्प्याने अनुदान देते. पहिला टप्पा समाधानकारक पूर्ण झाल्यास पुढील टप्प्यासाठी अर्ज करता येतो. विशिष्ट प्रजातींसाठी ‘मोहम्मद बिन झायेद’ निधीतून कमाल २५,००० डॉलरपर्यंत साहाय्य मिळू शकते. वैद्यकीय शिक्षण घेतलेले महाराष्ट्रातील डॉ. प्रमोद पाटील यांना माळढोक संवर्धनासाठी २०१५ मध्ये ‘व्हिटली’ पुरस्कार मिळाला. या पुरस्काराची रक्कम संवर्धन-प्रकल्पासाठी दिली जाते. प्राणिशास्त्राची पदवी नसलेल्या कार्यकर्त्यालाही हे मार्ग खुले असतात, हे यातून दिसते.

विदेशी निधी स्वीकारण्यासाठी विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० अन्वये नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के करण्यात आली आहे. त्यामुळे मोठ्या संस्थेने निधी आणून गावपातळीवरील मंडळाला देण्याचा पूर्वीचा मार्ग बंद झाला. देशांतर्गत पर्यायांमध्ये कंपनी अधिनियम, २०१३ मधील कलम १३५ महत्त्वाचे आहे. विहित निकषांत बसणाऱ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. अनुसूची सातमध्ये वनस्पती व प्राणी यांच्या संरक्षणाचा स्पष्ट समावेश आहे.

महाविद्यालयांची भूमिका :

बदललेल्या कायदेशीर चौकटीत ग्रामीण महाविद्यालयाचे महत्त्व वाढते. त्याच्याकडे लेखापरीक्षणाची व्यवस्था, विषयतज्ज्ञ आणि क्षेत्रीय नोंदी घेऊ शकणारे विद्यार्थी असतात. प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागाने प्रश्नाची मांडणी करावी, वाणिज्य विभागाने अंदाजपत्रक तपासावे आणि भाषा विभागांनी मजकुरावर संस्कार करावेत, अशी विभागणी सहज शक्य आहे. प्रस्तावाचा पहिला मसुदा मराठीत लिहून घेणे विशेष उपयुक्त ठरेल. वनरक्षक किंवा मेंढपाळ यांना त्यातील चूक जागेवरच दाखवता येते. इंग्रजी अनुवाद हा त्यानंतरचा टप्पा होय. प्रशिक्षणाच्या अखेरीस सहभागींनी एकमेकांच्या प्रस्तावांचे परीक्षकाच्या भूमिकेतून गुणांकन करावे. दुसऱ्याच्या लेखनातील संदिग्धता ओळखताना स्वतःच्या लेखनाचीही दृष्टी येते.

समारोप :

व्याघ्रप्रकल्पांकडे निधी आणि अभ्यासक यांचा ओघ स्वाभाविकपणे असतो. बालाघाटासारख्या दुर्लक्षित प्रदेशातील लांडगा, तरस, खोकड यांच्या नोंदी मात्र स्थानिकांनाच ठेवाव्या लागतील. त्यासाठी सुरुवातीस मोठी रक्कम लागत नाही. नेमका प्रश्न आणि प्रामाणिक हिशोब लागतो. मंजूर न झालेला प्रस्तावही वाया जात नाही, कारण परीक्षकांचे अभिप्राय मिळाल्यास पुढील मसुदा सुधारता येतो. पुढचा वाघ या वाटेने येईल तेव्हा त्याच्या मार्गाची, भक्ष्याची आणि धोक्यांची माहिती आधीच नोंदलेली असावी, ही अपेक्षा असेल तर प्रस्ताव-लेखनाचे प्रशिक्षण परिसरातील महाविद्यालयांनी आजच हाती घेणे आवश्यक आहे.