कार्डावरची समांतर रेषा

एका रेषेला समांतर आणि दिलेल्या बिंदूतून जाणारी रेषा काढा, हे गणित शाळेत बहुतेकांनी सोडवलेले असते. समांतर रेषांचा चढ सारखा असतो. म्हणून चढ पहिल्या रेषेचा घ्यायचा आणि सुरुवात आपल्या बिंदूपासून करायची. हेच गणित तळोदा तालुक्यातल्या प्रत्येक अंगणवाडीत बाळाच्या वाढीच्या कार्डावर दर महिन्याला मांडलेले असते.

कार्डावर आधीच छापलेल्या रेषा जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांच्या आहेत. भारतासह सहा देशांतल्या निरोगी मुलांच्या मोजमापांवरून त्या ठरल्या. मुलींसाठी हिरव्या पट्ट्याची खालची रेषा १२ व्या महिन्यात ७ किलोवर, तर २४ व्या महिन्यात ९ किलोवर असते. म्हणजे १२ महिन्यांत २ किलो, महिन्याला साधारण १७० ग्रॅम. हा झाला चढ. या रेषा काटेकोर सरळ नसतात, पण दुसऱ्या वर्षापुरता हा हिशेब पुरतो.

समजा, एक मुलगी वर्षाची झाली तेव्हा तिचे वजन ७.८ किलो होते. तिची समांतर रेषा अशी:

वजन = ७.८ + (०.१७ × पुढचे महिने)

तीन महिन्यांनी वजन निदान ८.३ किलो हवे. प्रत्यक्षात भरले ७.९, तर? रंग अजून हिरवाच आहे, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण रेषा आडवी झाली आहे. कुपोषणाची पहिली खूण तीच. पिवळा रंग नंतर येतो. उलट, लहान चणीचे बाळ खालच्या बाजूला असले तरी नेमाने समांतर चढत असेल, तर घाबरायचे कारण सहसा नसते.

जुलाब किंवा न्यूमोनियानंतर मात्र समांतर रेषाही पुरत नाही. घटलेल्या वजनापासून तेवढाच चढ धरला, तर बाळ कायम खालीच राहते. मूळ रेषा गाठायला चढ जास्त लागतो. म्हणून आजारात स्तनपान व खाणे थांबवू नये. बरे झाल्यावर किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावे. खिचडीत तेल घालावे, जमल्यास अंडे द्यावे.

रेषेला किमान दोन बिंदू लागतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या कार्डावर नेमके तेच महिने कोरे राहतात. कार्ड सोबत न्यावे आणि जिथे मुक्काम असेल तिथल्या अंगणवाडीत वजन करून घ्यावे.

सलग दोन महिने वजन वाढले नाही किंवा घटले, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, किंवा दोन्ही पायांवर सूज आली, तर पुढच्या वजनाची वाट न पाहता सरकारी दवाखाना गाठावा.