हिंदुस्थानी संगीतातील स्वरज्ञान : निरपेक्ष व सापेक्ष

प्रस्तावना :
संगीत शिकू इच्छिणाऱ्या मुलाविषयी 'याला कान आहे' किंवा 'याला कान नाही' असा निवाडा सहजपणे दिला जातो. या एका वाक्याने अनेकांचे शिक्षण सुरू होण्यापूर्वीच थांबते. म्हणून 'कान' म्हणजे नेमकी कोणती क्षमता, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

निरपेक्ष स्वरज्ञान :
कोणताही आधारस्वर न ऐकता नादाची उंची ओळखणे म्हणजे निरपेक्ष स्वरज्ञान होय. असे ज्ञान असलेली व्यक्ती पेटीकडे पाठ करून बसली तरी वाजलेली पट्टी 'काळी चार' की 'पांढरी पाच' हे अचूक सांगते. पाश्चात्त्य संगीतात या क्षमतेला विशेष प्रतिष्ठा असून मोझार्टचे उदाहरण नेहमी दिले जाते. ही क्षमता दुर्मीळ आहे. आनुवंशिकता आणि साधारणतः सहा-सात वर्षे वयापूर्वी मिळालेले संगीतशिक्षण या दोन्ही गोष्टी तिच्यामागे असाव्यात, असे अभ्यासक मानतात. उतारवयात अशा अनेक व्यक्तींना स्वर मूळ उंचीपेक्षा चढा भासू लागतो. म्हणजेच ही देणगीही अढळ नाही.

सापेक्ष स्वरज्ञान :
हिंदुस्थानी संगीतात षड्जाची उंची ठरावीक नसते. गायक आपल्या आवाजानुसार षड्ज निवडतो व इतर स्वर त्याच्याशी असलेल्या नात्याने सिद्ध होतात. षड्ज २४० कंपनांचा मानल्यास शुद्ध गंधार ३०० कंपनांचा येतो. षड्ज २०० कंपनांचा मानल्यास पंचम ३०० कंपनांचा येतो. एकच नाद एका गायकाचा गंधार, तर दुसऱ्याचा पंचम ठरतो. त्यामुळे केवळ उंची ओळखणाऱ्या कानाला नाद कळतो. स्वर कळण्यासाठी षड्जाचे भान आवश्यक असते.

तानपुऱ्याचे कार्य :
हे भान तानपुरा घडवितो. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर घोडीला घासून जवारी काढतात, ती कानाच्याच आधारे. जवारी जुळलेल्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधारही ऐकू येतो. त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. २४० कंपनांच्या षड्जाला हा गंधार ३०० कंपनांचा, तर समान अंतरांवर जुळविलेल्या पेटीचा गंधार सुमारे ३०२.४ कंपनांचा असतो. हा सूक्ष्म भेद विद्यार्थ्याला प्रारंभी जाणवत नाही. नित्य श्रवणाने व खर्जाच्या रियाजाने जाणवू लागतो.

समारोप :
स्वरांतील भेद जन्मतःच न कळणाऱ्या व्यक्ती असतात, परंतु त्यांचे प्रमाण अल्प आहे. बहुसंख्य विद्यार्थ्यांत सापेक्ष स्वरज्ञान शिक्षणाने विकसित होऊ शकते. हिंदुस्थानी संगीताला आवश्यक असलेला कान हाच होय. जासई-उरण परिसरातील शाळांतून मुलांना प्रथम पेटीवर गाणी बसवून दिली जात असतील, तर त्याबरोबर रोज काही मिनिटे तानपुऱ्यावर षड्ज लावण्याचा पाठ देणे इष्ट ठरेल. पुरेसे ऐकविल्याशिवाय 'कान नाही' असा निर्णय देणे हा विद्यार्थ्यावर अन्याय आहे.