इंटर्नशिप सुरू आहे, ‘नीट-पीजी’चा अर्ज भरायचा का?

शिरगाव (पालघर) : हो, भरता येतो. मात्र वर्षभराची इंटर्नशिप ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण व्हायलाच हवी. २०२५ मध्ये ही मुदत ३१ जुलै होती. परीक्षा ३ ऑगस्टला झाली, निकाल १९ ऑगस्टला लागला.

धोका कुठे? रजा जास्त झाल्या की इंटर्नशिप लांबते. मुदत एका दिवसाने चुकली, तरी चांगले गुण असूनही वर्ष हातचे जाते.

काय कराल?

• अर्जापूर्वीच कॉलेजकडून रजांचा हिशेब तपासून घ्या.

• दाखला मिळताच महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे कायम नोंदणीसाठी अर्ज करा.

• राज्य कोट्यासाठी सीईटी कक्षाकडे वेगळी नोंदणी लागते. गावाहून कॉलेज लांब असेल, तर कागदपत्रे निकालाआधीच गोळा करा.